वाचकांचे प्रश्न : नऊशे बावन्नचा हिशेब

प्रश्न : ‘काउंटडाउन’ या ब्रिटिश कार्यक्रमात १९९७ साली एका स्पर्धकाने २५, ५०, ७५, १००, ३ आणि ६ या आकड्यांतून ९५२ ही संख्या तीस सेकंदांत जुळवली. त्याची चित्रफीत आम्ही घरी पाहिली, पण एवढा हिशेब तोंडी कसा झाला, हे सातवीतल्या मुलाला सांगता आले नाही. कृपया उलगडून सांगावे.
— एक पालक, खानापूर

उत्तर : १९८२ पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात शब्दांच्या फेऱ्याही असतात, परंतु आपला प्रश्न आकड्यांच्या फेरीचा आहे. तिच्यात प्रत्येक आकडा फार तर एकदाच वापरता येतो; अचूक उत्तराला १० गुण आणि पाचाच्या आतल्या फरकाला ७ गुण मिळतात. सहा आणि तीन मिळवून शंभराने गुणले की ९००, त्यात ५० मिळवले की ९५०, आणि ७५ ला २५ ने भागून आलेले ३ मिळवले की ९५३ होतात. बहुतेक जण येथेच समाधान मानतील.

या स्पर्धकाने १०० आणि ६ मिळवून १०६ केले, त्याची तिप्पट ३१८ आणि ३१८ ला ७५ ने गुणून २३,८५० आणले. त्यातून ५० वजा करून उरलेल्या २३,८०० ला २५ ने भागले, तेव्हा नेमके ९५२ आले. खरी खुबी भागाकार शेवटपर्यंत राखून ठेवण्यात आहे. ३१८ ची तिप्पट ९५४ आणि त्यातून २ वजा, एवढाच तो हिशेब. पण तीनासाठी ७५ ला आणि दोनासाठी ५० ला २५ ने भागावे लागते, आणि २५ तर एकच आहे. दोन्ही भागाकार शेवटी एकत्र केल्यामुळे त्या एका पंचविसाने दोन्ही कामे झाली. हे सुचणे मला गुणाकारापेक्षाही थोर वाटते.

गुणाकाराचे म्हणाल, तर पूर्वी आपल्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, पाठ करून घेत, आणि बेळगावच्या पेठेतले जुने दिवाणजी त्यांच्याच जोरावर तोंडी हिशेब करीत. ७५ म्हणजे पाऊणशे, म्हणून आधी ३१८ ची पाऊणपट दोनशे साडेअडतीस. तिला शंभराने गुणले की २३,८५०. मुलाला आधी पावकी आणि पाऊणकी शिकवावी, मग चारच आकडे देऊन वेळेचे बंधन न घालता संख्या जुळवायला सांगावे, आणि जुळली की तीच संख्या दुसऱ्या वाटेने आणायला लावावी.