स्टेशनमागची नदी

प्रश्न : ताई, मी सध्या इंग्लंडात शेफिल्डला एम.एस्सी. करतोय. इथे पल्प या इथल्याच रॉक बँडचं नाव काढलं की जो तो 'कॉमन पीपल' सुरू करतो. गाणं झकास आहे, पण ऐकून ऐकून कान किटले. त्यांचं एखादं मागे पडलेलं गाणं सुचवाल का? एक अडचण आहे, मला चाल पटकन लागते, शब्द नाही. — एक वाचक, शेफिल्ड

उत्तर : 'विकरमॅन' ऐक. 2001 च्या 'वी लव्ह लाइफ' या अल्बममधलं आहे, आणि त्याचा पत्ता तुझ्याच स्टेशनमागे आहे.

आधी हे मागे का पडलं ते सांगते. 'कॉमन पीपल' 1995 चं. सहा वर्षांनी हा अल्बम येईतो ब्रिटपॉपची, म्हणजे नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश गिटार-बँडांच्या लाटेची, जत्रा कधीच उठली होती. त्यात हे गाणं आठ मिनिटांचं. रेडिओवाले कशाला लावतील? सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून, ते आलंच नाही, त्यामुळे पल्पच्या 2002 च्या 'हिट्स' संग्रहातही त्याला जागा मिळाली नाही. आणि मुख्य म्हणजे पल्पचा गायक जार्विस कॉकर यात बराच वेळ नुसता बोलतो. मैफलीत हात वर करून म्हणायला ध्रुवपद नाही.

अल्बमचा निर्माता साठच्या दशकात गाजलेला गायक स्कॉट वॉकर होता. (गंमत म्हणजे याच अल्बमच्या 'बॅड कव्हर व्हर्जन'मध्ये फसलेल्या गोष्टींची यादी आहे, आणि तीत खुद्द वॉकरच्या एका जुन्या रेकॉर्डची दुसरी बाजू आहे. तो निर्माता ठरायच्या आधी लिहिलेली ओळ! म्हाताऱ्याने ती राहू दिली, हे मला फार आवडतं.)

शब्दांचं म्हणशील तर पहिल्यांदा ते सोडूनच दे. सुरुवातीला वाद्यं दबक्या पावलांनी चालतात, आवाज कानाशी बोलल्यासारखा येतो. मग मागचं सगळं भरत जातं आणि बोलणं हळूहळू गाण्याकडे झुकतं. हे चढणं कळलं की पुरे. दुसऱ्या वेळी शब्द समोर उघडून बस.

गोष्ट अशी. स्टेशनच्या मागे काँक्रीटच्या चरातून एक नदी वाहते. ती शहराखालून जाते, जळून गेलेल्या गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याखालून, लोकांच्या साध्यासुध्या संसारांखालून. कॉकर कसल्या कसल्या वस्तू टिपतो! कॉफीत घालायच्या दुधाच्या भुकटीचं व्यसन लागलेली गुबगुबीत पोरं, प्लास्टिकच्या फुलांसारखे धूळ खात बसलेले पेन्शनर. मग नदी फोर्ज डॅमला उघड्यावर येते, आणि तिथे 'तू' मला पहिल्यांदा भेटलीस, असं तो म्हणतो. तिथल्या कॅफेत तो पुन्हा जातो. दरफलकावर तीच खोचायची प्लास्टिकची अक्षरं, टेबलांवर तोच झिजलेला सनमायका. बाहेर नाणं टाकून झुलणारा मुलांचा घोडा आहे. त्याची रडकी धून त्या पहिल्या चुंबनाच्या वेळीही वाजत होती. आता त्यावर बसायला कुणी मूल तयार नाही.

मी शेफिल्ड पाहिलेलं नाही. डोंबिवलीत बसून नकाशा उघडून हे गाणं ऐकते, आणि नकाशावरच एक गोष्ट ध्यानात आली. ही नदी म्हणजे पोर्टर. ती पश्चिमेच्या उंच माळावरून उतरते, फोर्ज डॅम तिच्या वरच्या अंगाला लागतो, आणि खाली शहरात स्टेशनच्या पोटात ती शीफ नदीला मिळते. म्हणजे पाणी फोर्ज डॅमकडून स्टेशनकडे येतं. गाणं स्टेशनकडून फोर्ज डॅमकडे जातं. कॉकर तिथलाच, त्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आठवणीत पहिल्या भेटीकडे जायचं तर प्रवाहाच्या उलटच जावं लागणार. आणि तो तिथे थांबत नाही. पुढच्याच कडव्यात शहराच्या दुसऱ्या टोकाला, रेल्वेच्या जुन्या पुलापाशी येतो आणि सहज सांगून टाकतो, इथेही तुझ्याबरोबर आलो होतो, फक्त तेव्हा 'तू' दुसरीच कुणीतरी होतीस. झालं! प्रेमगीत म्हणून ऐकत होतो ते एका वाक्यात भलतीकडेच गेलं. त्या 'तू'मध्ये किती जणी आहेत, की ते शहरच आहे, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. 'कॉमन पीपल'मध्ये कॉकर कुणावर तरी दात धरून असतो. इथे राग नाही. त्याच्या गाण्यांत मला हे सगळ्यात वरचं वाटतं, माझ्या घरात हे कुणालाच पटत नसलं तरी.

तू तिथे आहेस तर एखाद्या रविवारी फोर्ज डॅमपासून खाली चालत ये. वाटेत शेफर्ड व्हील लागेल. पाणचक्कीवर सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचा जुना कारखाना, आता संग्रहालय आहे. गाण्याच्या सुरुवातीला खोकून बेजार झालेले कारागीर येतात ना, ते असल्याच कामातले. पुढे एंडक्लिफ पार्क. मटिल्डा स्ट्रीटला नदीवरचं छप्पर काढून 2016 मध्ये छोटी बाग केली आहे, तिथे पाणी पुन्हा दिसेल. मग स्टेशन, आणि पलीकडे विकर नावाचा रस्ता, जिथल्या बंद कारखान्यात मी राहायचो, असं गाण्याच्या शेवटाकडे कॉकर सांगतो.

स्टेशनखालच्या भुयारात उतरायचं मात्र डोक्यात घेऊ नकोस. उतरणारे हौशी भेटतील, नेतोही म्हणतील. पण वर माळावर पाऊस पडला की खाली पाणी भराभर चढतं, आणि 2007 च्या जूनमध्ये नद्यांनी त्या शहराची काय दशा केली ते तिथल्या कुणालाही विचार. गाण्यातल्या त्या पुलावरून पूर्वी शनिवारी रात्री दारू पिऊन लोक नदीत उड्या मारायचे, असं एक वाटसरू त्याला सांगतो. कॉकर म्हणतो, मी? मुळीच नाही.