यीफानने विद्यापीठ सोडलं नाही

सांगलीच्या ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक नववीत, चौदा वर्षांची, बुद्धिबळातलं रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) १६४०. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. आता ती चीनच्या माजी जगज्जेत्या होऊ यीफानचं नाव घेऊन म्हणते की शाळा सोडते, दिवसाला दहा तास खेळते आणि दहावी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देते. "चीनच्या मुली असंच करतात," यावर काय बोलावं ते सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

तिचं म्हणणं अर्धं खरं आहे. ते आधी मान्य करा, नाहीतर पुढचं ती ऐकणारच नाही. यीफान जिआंगसू प्रांतातल्या शिंगहुआची, जन्म १९९४ चा. नऊ वर्षांची असताना ती राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक ये जिआंगचुआन यांच्याशी खेळली. त्यांच्या कमकुवत चाली या पोरीने नेमक्या ओळखल्या आणि ती संघात आली. त्याच वर्षी तिने दहा वर्षांखालील मुलींचं जागतिक विजेतेपद घेतलं. पुढे तिच्यासाठी घर बीजिंगला हललं. चौदाव्या वर्षी ती ग्रँडमास्टर झाली, म्हणजे बुद्धिबळातला सर्वोच्च किताब. हा महिलांसाठीचा वेगळा किताब नव्हे, पुरुषांना मिळतो तोच. सोळाव्या वर्षी, २०१० मध्ये, महिलांची जगज्जेती. २०११ मध्ये तिरानाला आपल्या कोनेरू हंपीविरुद्ध तिने एकही डाव न गमावता पद राखलं.

ताई, इथे क्रम बघा. आधी मुलीची ताकद पटावर दिसली, मग घर हललं.

उरलेलं अर्धं तुमच्या लेकीने वाचलेलं दिसत नाही. २०१२ मध्ये जगज्जेती असतानाच यीफानने पेकिंग विद्यापीठात प्रवेश घेतला, विषय आंतरराष्ट्रीय संबंध. त्याच नोव्हेंबरात खांती-मान्सिस्कला बाद पद्धतीच्या स्पर्धेत ती दुसऱ्याच फेरीत हरली आणि पद गेलं. आपल्याकडे अशा वेळी घरात काय बोललं जातं हे मी इतक्या वर्षांत पुष्कळ ऐकलंय: 'कॉलेजपायी खेळ गेला!' तिने कॉलेज सोडलं नाही. वर्षभरात नव्या जगज्जेतीला, आना उशेनिनाला, साडेपाच विरुद्ध दीड गुणांनी हरवून पद परत आणलं. तिचं आजवरचं सर्वोच्च रेटिंग, २६८६, मार्च २०१५ चं आहे, म्हणजे विद्यार्थिनी असतानाचंच. पुढे रोड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, आणि २०२० मध्ये, सव्विसाव्या वर्षी, शेन्झेन विद्यापीठात प्राध्यापक.

याची किंमतही तिने मोजली. तिच्याआधी हंगेरीची ज्युडिट पोल्गार २७३५ रेटिंगपर्यंत पोचली होती, यीफान तिथवर गेली नाही आणि हळूहळू तिच्या स्पर्धा कमी झाल्या. चाहता म्हणून मला त्याची हळहळ वाटते. पण तो निर्णय तिने स्वतः घेतला, आणि घेताना तिच्या हातात दोन वाटा होत्या. तुमच्या लेकीच्या हातातही त्या दोन्ही राहाव्यात, एवढंच मला हवंय.

म्हणून आत्ता शाळा सोडू नका. आणि बुद्धिबळही बंद करू नका. 'दहावी होऊ दे, मग बघू' हे वाक्य घरात बोलूच नका, त्या एका वाक्याने बंद झालेले पट मी पाहिलेत. १६४० हे काही कमी नाही. रोज दोन तास पुरे, पण त्यातला निम्मा वेळ स्वतःच्या हरलेल्या डावांवर. ऑनलाइन ब्लिट्झचे, म्हणजे काही मिनिटांत संपणारे, पन्नास डाव म्हणजे सराव नव्हे, हे तिला प्रशिक्षकांकडून ऐकू द्या, तुमच्याकडून नको. दिवाळी आणि मेच्या सुट्टीत रेटिंगच्या स्पर्धा खेळवा, क्लासिकल वेळेच्या, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या डावांच्या. राज्य पातळीवर चमकली तर दहावीला क्रीडा गुणांची सवलत आहे, शाळेत आत्ताच चौकशी करून ठेवा. आणि सांगलीला बुद्धिबळाची जुनी परंपरा आहे. नामवंत बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे तुमच्याच गावच्या. सरावाला जोडीदार शोधायला पुण्याला धावायची गरज नाही.

तिला एक वही द्या. प्रत्येक हरलेला डाव तिने स्वतः लिहायचा आणि कुठे चुकलं ते शेजारी, इंजिन (चाली तपासणारा संगणक प्रोग्राम) न लावता. मेच्या स्पर्धा झाल्या की ती वही घेऊन दोघी माझ्याकडे या. दहा तासांची मागणी तेव्हाही कायम असेल, तर वही समोर ठेवून आपण तिच्याशीच बोलू.