‘लेझर’ला (leisure) मराठीत काय म्हणावे?

भांडवलशाहीनंतरच्या समाजात काम आणि ‘लेझर’ यांची घडी कशी बसेल, यावर आपण टिपण लिहीत आहात, आणि ‘लेझर’साठी सुट्टी, रजा, फुरसत की रिकामा वेळ, असे आपण विचारले आहे. माझे मत ‘सवड’ या शब्दाला आहे.

‘सुट्टी’ सुटण्यातून आली, म्हणजे आधी कोणीतरी अडकवून ठेवलेले असावे लागते. ‘रजा’ मुळात अरबी, अर्थ संमती. ती देणारा साहेब त्यात गृहीतच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मिळालेली रविवारची सुट्टी काय किंवा १९४८ च्या कारखाना कायद्यातली आठवड्याला ४८ तासांची मर्यादा काय, मोकळा वेळ हा मालकाच्या वेळातून झगडून सोडवून घेतलेला तुकडाच राहिला. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९३० मध्ये भविष्यासाठी १५ तासांचा आठवडा कल्पिला, तोही तीन-तीन तासांच्या पाळ्यांच्या हिशेबानेच.

‘रिकामा वेळ’ सोलापुरात तरी टिकणार नाही. इथल्या पूर्व भागात मांडीवर सूप घेऊन घरीच विड्या वळणारी बाई शेजारणीशी बोलत असते, समोर मालिका चालू असते. पाहणाऱ्याला ती निवांत वाटेल, पण मजुरी हजार विड्यांवर ठरलेली असते आणि छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) निघाली तर नुकसान तिचेच. हात गुंतलेले, मालक नजरेआड, आणि तरीही वेळ तिचा नाही.

‘फुरसत’ जवळची आहे, परंतु ती बहुधा मिळण्याची वाट पाहावी लागते. ‘सवड’ मात्र काढता येते, आणि ‘सवडीने या’ म्हणताना सोय येणाऱ्याची पाहिलेली असते. शिवाय कामही सवडीने करता येते, त्यामुळे काम संपले की जगणे सुरू, अशी भिंत हा शब्द उभी करत नाही. आपल्या विषयाला नेमके हेच हवे आहे. अर्थात गटारे उपसणे किंवा नळाला पाणी सोडणे (सोलापूरकरांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको) कोणाच्या सवडीवर सोडता येणार नाही. अशा कामांसाठी ‘आळीपाळी’ वापरावा, कारण त्यातली पाळी भोंग्याची नसून आपसांत ठरवून घेतलेली असते.

टिपणात ‘लेझर क्लास’ आला, तर तिथे ‘सवड’ नको. दुसऱ्यांच्या श्रमांवर निवांत राहणाऱ्यांसाठी ‘ऐतखाऊ वर्ग’ हा शब्द तयारच आहे.