इंग्रजी कादंबरी वाचताना दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागते. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की शिक्षण मराठी माध्यमातून झालं, शब्दसंग्रह वाढावा म्हणून हल्लीची एक इंग्रजी कादंबरी घेतली, पण पानाला वीसेक शब्द अडतात. वहीत दीडशे शब्द उतरवून झाले, त्यातले दहाही आठवत नाहीत आणि पुस्तक चाळिसाव्या पानावर पडून आहे. माझ्या मते पुस्तकाची निवड चुकली आहे आणि वहीची पद्धतही.

आधी पुस्तक. कादंबरीच्या पानावर साधारण 300 शब्द असतात. त्यातले वीस अनोळखी म्हणजे तुम्हाला 93 टक्के मजकूर कळतोय. ऐकायला हे भरपूर वाटतं, पण नवा शब्द संदर्भावरून कळायचा तर आजूबाजूचं जवळजवळ सगळं कळलेलं लागतं. पॉल नेशन या न्यूझीलंडच्या भाषाशास्त्रज्ञाच्या कामात त्यासाठी 98 टक्क्यांचं माप वापरलं आहे, म्हणजे पानाला सहा अनोळखी शब्द. मदतीशिवाय कादंबरी तेवढी कळायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं यावी लागतात, असा त्यांचा 2006 चा हिशेब आहे. ('हेल्प', 'हेल्पफुल', 'हेल्पलेस' हे सगळं मिळून एक कुटुंब.) हा आकडा सरासरीचा आहे, सोपी पुस्तकं त्याच्या बऱ्याच अलीकडे असतात.

म्हणून विकत घेण्याआधी पान 50, 100 आणि 150 उघडून अनोळखी शब्द मोजा. पहिलं पान मोजू नका, तिथे वर्णन जास्त असतं आणि सगळंच नवं असतं. पानाला सहा-सात निघाले तर उत्तम. दहा-बारा असतील तर जमेल, पण रोज चार-पाच पानांपुढे जाववणार नाही. पंधराच्या वर गेले तर पुस्तक कितीही गाजलेलं असो, वर्षभर बाजूला ठेवा.

तुमच्यासाठी मी 'कोबाल्ट ब्लू' सुचवेन. सचिन कुंडलकर यांची ही मूळ मराठी कादंबरी, जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत आणली. पुस्तक छोटं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तीच हकिगत आधी भाऊ सांगतो आणि मग बहीण, त्यामुळे तीच माणसं, तेच घर, तेच प्रसंग दोनदा भेटतात आणि त्यांच्याबरोबर शब्दही. आधी मराठी वाचा, मग इंग्रजी. गोष्ट ठाऊक असल्यामुळे लक्ष भाषेकडे राहतं. मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी उघडून ओळीला ओळ लावत बसू नका. अनुवादक वाक्य नव्याने बांधतो, त्यामुळे अमुक शब्दाचा अर्थ तमुकच, अशी चुकीची गाठ बसते.

थेट इंग्रजीतलंच हवं असेल तर मार्क हॅडन यांची 2003 ची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' बघा. ती पंधरा वर्षांचा मुलगा सांगतो आणि त्याला आलंकारिक बोलणं आवडत नाही, म्हणून वाक्यं सरळ आहेत. याच कारणाने वाक्प्रचार तिथे कमी मिळतील. शिव्या मात्र मिळतील.

आता वाचताना. पेन्सिल हातात ठेवा, अनोळखी शब्दाखाली फक्त टिंब द्या आणि पुढे चला. प्रकरण संपेपर्यंत डिक्शनरी बंद. मग टिंबांवरून नजर फिरवा आणि जे शब्द दोनदा तरी आले किंवा ज्यांच्यावाचून प्रसंगच कळला नाही, असे पाच ते सातच निवडा. बाकीचे सोडा. सोडताना जीव तुटतो, पण एकदाच आलेला शब्द पाठ केला तर तो पुन्हा भेटायच्या आत विसरलेला असतो. तुमच्या वहीचं नेमकं हेच झालं.

कादंबरीत पुन्हापुन्हा येणारी एक जात पाठ्यपुस्तकात फारशी भेटत नाही : चेहऱ्याची आणि अंगाची क्रियापदं. 'श्रग' म्हणजे खांदे उडवणं, 'फ्राउन' म्हणजे कपाळाला आठ्या घालणं, 'ग्लेअर' म्हणजे डोळे वटारणं, 'ग्लान्स' म्हणजे ओझरती नजर टाकणं, 'साय' म्हणजे सुस्कारा सोडणं, 'स्मर्क' म्हणजे छद्मी हसणं. मराठीत यांना नेमके शब्द आहेत, तेव्हा इथे मराठी अर्थ खुशाल लिहा. असे तीसेक आले की संवादांची पानं भराभर सरकतात.

भाववाचक शब्दांचं तसं नाही. 'रिलक्टंट'ला इंग्रजी-मराठी कोशात 'अनिच्छुक' सापडेल, पण त्यातून काही डोळ्यासमोर उभं राहत नाही. 'मन घेत नव्हतं तरी गेला' असं लिहा. ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा लर्नर्स कोश ऑनलाइन फुकट आहे, त्यातली व्याख्या सोप्या इंग्रजीत असते.

सगळ्यात फसवे ते ओळखीचे शब्द, कारण त्यांच्याखाली टिंब पडतच नाही. 'पुट', 'अप', 'विथ' तिन्ही येतात, पण एकत्र आले की अर्थ होतो खपवून घेणं. 'लेट डाउन' म्हणजे ऐनवेळी तोंडघशी पाडणं. 'ही वॉज मीन टू हर' यातला 'मीन' अर्थ विचारणारा नाही, तो तिच्याशी वाईट वागत होता. 'इट डॉन्ड ऑन हिम' म्हणजे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. सगळे शब्द कळूनही वाक्य विचित्र वाटलं, तर शब्दाऐवजी अख्ख्या वाक्याला टिंब द्या.

वहीत एकीकडे शब्द आणि समोर अर्थ, असे दोन रकाने करू नका. कादंबरीतलं वाक्यच उतरवा, शब्दाच्या जागी रेघ ओढा, मागच्या पानावर शब्द आणि अर्थ लिहा. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी रेघ भरून बघा. मोबाइलवर हेच काम 'अँकी' हे उजळणीच्या कार्डांचं ॲप करतं, अँड्रॉइडवर ते मोफत आहे. दिवसाला पाचच्या वर नवी कार्डं घेऊ नका, नाहीतर पंधरा दिवसांत उजळणीचा ढीग साचतो आणि सगळंच सुटतं. किंडलवर वाचत असाल तर पाहिलेला प्रत्येक शब्द त्याच्या वाक्यासकट आपोआप साठतो. सोय छान आहे, पण त्यातून छाटणी तुम्हालाच करावी लागेल.

उच्चार मात्र कोशातला आवाज ऐकूनच लिहा. नुसतं वाचून 'सटल'चा 'सबटल' होतो आणि 'डेब्री'चा 'डेब्रिस', आणि ते पुढे वर्षानुवर्षं जिभेवर राहतं. देवनागरीत उच्चार टिपला तरी चालतो, फक्त 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हीला आपण 'व' लिहितो, तिथे खूण करून ठेवा.

पहिलं पुस्तक संपल्यावर दुसरं शक्यतो त्याच लेखकाचं घ्या. प्रत्येक लेखकाचे ठेवणीतले शब्द असतात, ते तिथे पुन्हा भेटतात आणि टिंबं कमी होत जातात. 'कोबाल्ट ब्लू'नंतर त्याच न्यायाने जेरी पिंटो यांनी इंग्रजीत आणलेलं दुसरं एखादं मराठी पुस्तक चालेल.