वाचकांचे प्रश्न : नाटकाचं परीक्षण लिहिताना

नाटक पाहून त्यावर लिहिणाऱ्यांकडून या वेळी प्रश्न मागवले होते. इंदूरहून आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : घरी येऊन लिहायला बसले की निम्मी जागा कथानकच खातं. नेपथ्य आणि प्रकाशयोजनेबद्दल ‘साजेशी’ याच्या पुढे काही सुचत नाही. काय करावं? (राजेंद्र नगर)

‘साजेसं’, ‘पूरक’, ‘अनुरूप’ हे तीन शब्द महिनाभर वापरायचेच नाहीत असं ठरवा. ते कुठल्याही नाटकाला चिकटतात, त्यामुळे तुम्ही पाहिलेल्या नाटकाबद्दल त्यांतून काहीच कळत नाही.

कथानक लांबतं, कारण घरी पोचेपर्यंत तेवढंच आठवणीत उरतं. गोष्टीला क्रम असतो म्हणून ती टिकते. प्रकाश, हालचाल, एखादा पॉज हे मात्र तासाभरात विरतात. म्हणून ते नाट्यगृहातच पकडायला हवेत.

पडदा उघडल्यावर पहिलं मिनिट फक्त नेपथ्याला द्या. वहीत एक चौकोन काढा आणि त्यात दारं, खिडकी, बसायच्या जागा मांडा. मग नाटकभर पाहत राहा, यांतली कुठली जागा कामाला आली आणि कुठली नुसती उभी राहिली. सोफा मधोमध असेल आणि महत्त्वाचा प्रत्येक संवाद त्यावर बसूनच होत असेल, तर दृश्य गोठतं. प्रेक्षकांच्या दिशेने उघडणारं दार आत येणाऱ्या नटाला क्षणभर झाकून टाकतं आणि त्याचं पहिलं दर्शन वाया जातं. रागाने दार आपटल्यावर शेजारचा फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातली खोटी भिंत, थरथरला, तर राग तिथेच संपतो. आणि पहिल्या अंकात जिथे भिंत होती तिथून दुसऱ्या अंकात कोणी सहज चालत आलं, तर ती दिग्दर्शकाची चूक आहे. नेपथ्यकाराच्या नावावर ती लावू नका.

प्रकाशाच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच : डोळे दिसतात का? समोरून, तिरक्या रेषेत, साधारण ४५ अंशांवरून आलेला प्रकाश चेहरा उजळतो. डोक्यावरून सरळ पडणारा प्रकाश भुवयांची सावली डोळ्यांत उतरवतो. भीतीच्या किंवा एकाकीपणाच्या प्रवेशात ती मुद्दाम आणता येते, पण विनोदी प्रवेशात तसं झालं की हशा अडतो, कारण प्रेक्षक नटाच्या नजरेवर हसत असतो. दुसरी गोष्ट ब्लॅकआउटची, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार करण्याची वेळ. तो शेवटच्या शब्दावर आला, थोडा थांबून आला, की दोन सेकंद उशिरा आल्यामुळे नटाला तोच हावभाव धरून ताटकळावं लागलं, हे टिपा.

आता अभिनय. ‘वडिलांच्या भूमिकेत जान ओतली’ असं लिहिल्यावर वाचकाला काहीच दिसत नाही. त्याऐवजी असं लिहिता येईल : ‘मुलगा घर सोडून निघतो तेव्हा वडील त्याच्याकडे एकदाही पाहत नाहीत. ते चष्मा पुसत राहतात, काच स्वच्छ झाल्यावरही.’ एवढं सांगितलं की ‘उत्तम’ म्हणायची गरज उरत नाही. विनोदी नटाचं टायमिंग जोखायचं असेल, तर हशा चालू असताना तो काय करतो ते बघा. हशा चढतो, टोकाला जातो आणि उतरू लागतो. उतरताना पुढचं वाक्य आलं तर ते ऐकू येतं आणि वेगही टिकतो. टोकावर बोलला तर वाक्य बुडतं. पूर्ण शांत होईपर्यंत थांबला तर प्रवेश पुन्हा पहिल्यापासून उचलावा लागतो.

प्रश्न : अंधारात टिपणं कशी काढायची? मोबाइलवर लिहिलं तर चालेल का? (सुदामा नगर)

मोबाइल अजिबात नको. त्या पडद्याचा उजेड मागच्या दोन रांगांना तर दिसतोच, पण तुमचेही डोळे बिघडवतो. रंगमंचावरचा मंद प्रकाश पुन्हा नीट दिसायला बराच वेळ जातो आणि नेमका तेवढ्यात बदललेला प्रकाश हुकतो.

खिशात मावणारी वही आणि मऊ पेन्सिल घ्या. पेन अंधारात कधी उमटतं, कधी नाही. एका पानावर एकच टीप, मोठ्या अक्षरात, तीन-चार शब्दांची : ‘चष्मा, पाहत नाही’, ‘दार हललं’, ‘फोन – हशा नाही’. न पाहता लिहायचं असल्याने ओळी एकमेकींवर चढतात, म्हणून प्रत्येक टिपेला पान उलटायचं. दोन-सव्वादोन तासांच्या नाटकाला पंचवीस-तीस पानं पुरतात. त्याहून जास्त भरत असतील, तर तुम्ही पाहण्यापेक्षा लिहिण्यातच गुंतला आहात. मध्यंतरात पहिल्या अंकाच्या टिपांची वाक्यं करून टाका, म्हणजे चहा थोडक्यात उरकायचा. शेवटाची टीप पडदा पडताक्षणी, टाळ्या वाजत असतानाच.

जागा मिळाली तर सहाव्या ते दहाव्या रांगेत, मधल्या भागात बसा. पहिल्या रांगेतून रंगभूषेचे थर दिसतात, पण माणसांची रंगमंचावरची मांडणी दिसत नाही. अगदी कडेला बसलात तर विंगेतली वाट पाहणारी मंडळी दिसतात. तसं बसावं लागलं, तर विंगेत काय दिसलं हे परीक्षणात आणू नका.

प्रश्न : मुंबईहून आलेल्या नाटकाचे संवाद मागे नीट ऐकू आले नाहीत आणि काही प्रवेश अंधारातच झाले. हा दोष नाटकाचा की नाट्यगृहाचा? परीक्षणात लिहावा का? (टिळक नगर)

इंदुरात बसून लिहिणाऱ्याला हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडणार. मुंबई ते इंदूर रस्त्याने सुमारे सहाशे किलोमीटर. नेपथ्य ट्रकमधून घडी होऊन येतं, काही तासांत उभं राहतं, दिवे इथल्या बारवर, म्हणजे रंगमंचावरच्या आडव्या दांड्यांवर, टांगले जातात. रंगमंचाची रुंदी वेगळी असली, की तिकडे पाच पावलांत होणारी एंट्री इथे आठ पावलांची होते आणि वाक्य संपल्यावरही नट चालतच राहतो.

ऐकू आलं नाही म्हणजे नक्की कुणाचं, हे आधी ठरवा. सगळ्यांचाच आवाज सगळीकडून अस्पष्ट येत असेल तर ध्वनियंत्रणा किंवा नाट्यगृह. एकाचाच जात असेल तर तो नट किंवा त्याचा माइक. मागच्या बाजूला, भिंतीजवळ उभं राहून बोललेलंच हरवत असेल, तर समोरचे माइक तिथपर्यंत पोचत नाहीत आणि दिग्दर्शकाने महत्त्वाचा संवाद तिथे ठेवला आहे. शेवटची बाब नक्की लिहा, कारण दौऱ्यावर निघणाऱ्या नाटकाने ती आधीच हेरायला हवी. वाक्याची सुरुवात ऐकू येते आणि क्रियापद विरतं असं होत असेल, तर ती त्या नटाची सवय आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याची शेपूट गिळणारा नट अर्थच गिळतो.

प्रकाशालाही हीच कसोटी. एखादा स्पॉट एकदा चुकला तर तो अपघात, सोडून द्या. दोन्ही अंकांत त्याच कोपऱ्यात चेहरा काळा राहिला, तर तिथे दिवा लागलेला नाही किंवा फोकसिंग, म्हणजे दिव्याचा रोख जुळवणं, राहिलं आहे. मग एक वाक्य लिहा, आणि ‘या प्रयोगात’ हे शब्द त्यात असू द्या.

प्रयोग कोणता, हेही लिहायला हवं. सानंद या इंदूरच्या संस्थेत, जी आपल्या प्रेक्षकगटांसाठी मराठी नाटकं आणते, शनिवार-रविवारी मिळून एकाच नाटकाचे पाच प्रयोग होतात. पहिल्या प्रयोगात नट नव्या रंगमंचाचा अंदाज घेत असतात, पाचव्यात गळा थकलेला असतो. वाचकाने दुसरा प्रयोग पाहिला असेल, तर त्याचं आणि तुमचं मत जुळणार नाही आणि दोघंही बरोबर असाल.

प्रेक्षक कुठे हसले नाहीत हे टिपताना एक भान ठेवा. पुण्याच्या पेठांवरचा किंवा लोकल गाडीतल्या जागेवरचा विनोद इथे थंड पडला, तर तो नटाचा पराभव नव्हे.

प्रश्न : संहिता आधी वाचून जावं का? लेखकाचं काय आणि दिग्दर्शकाचं काय, हे कसं ओळखायचं? (स्नेहलतागंज)

नवं नाटक असेल तर वाचू नका. पुढे काय होणार हे ठाऊक नसणं हा प्रेक्षकाचा हक्क आहे आणि तुम्ही त्याच्याच वतीने बसलेले असता. छापलेलं, अनेकदा झालेलं नाटक असेल तर जरूर वाचा, आणि कुठले प्रवेश गाळले ते पाहा.

वेगळं करण्याची एक रीत आहे. आवडलेला क्षण नुसत्या संवादांत लिहून बघा. कागदावरही तो तसाच उभा राहिला तर श्रेय मुख्यतः लेखकाचं. कागदावर सपाट झाला तर ते नट-दिग्दर्शकाचं. काही नाटकांत ही फोड होतच नाही. डिसेंबर १९७२ मध्ये जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये माणसांची रांगच भिंत होते, पडदा होते, आणि गाते-नाचतेही. तेंडुलकरांच्या संहितेत ती कल्पना आहे, पण भास्कर चंदावरकरांच्या संगीताशिवाय आणि त्या रांगेच्या शिस्तीशिवाय ती कळत नाही. अशा नाटकात नेपथ्य, संगीत, अभिनय असे वेगळे परिच्छेद पाडू नयेत. रांग कुठे वाकली, कुठे उघडली, कोणाला तिने झाकलं, यावर लिहावं.

प्रश्न : संगीत नाटकावर लिहायला राग ओळखता यायलाच हवेत का? (लोकमान्य नगर)

आले तर चांगलंच, पण त्यावाचून अडत नाही. पाहायचं ते हे, की पद सुरू होण्याआधी पात्र जिथे होतं तिथून पद संपल्यावर ते हललं का. किर्लोस्करांच्या १८८२ सालच्या ‘सौभद्रा’त शंभराहून अधिक पदं आहेत. आज अडीच-तीन तासांत बसवताना बरीच गाळावी लागतात, तेव्हा कुठली ठेवली ही निवडही परीक्षणाचा विषय आहे. गाणाऱ्या नटासमोरचा नट त्या वेळात काय करतो तेही पाहा. तो नुसता माना डोलवत असेल तर ती मैफल झाली. वन्समोअर मिळाला तर नोंद घ्या, आणि त्यानंतर प्रवेशाचा धागा परत हाती आला का तेही लिहा.

प्रश्न : हौशी संघाचं नाटक. त्यातले निम्मे लोक गणेशोत्सवात भेटतात, दोघे नात्यातले आहेत. खरं लिहायचं तरी कसं? (रामबाग)

नात्यातल्यांबद्दल लिहूच नका. परीक्षण दुसऱ्या कुणाला द्या, किंवा नातं पहिल्या परिच्छेदात सांगून टाका. फुकट पासावर गेला असाल तर तेही सांगा. बाकी ओळख ही अडचण मानू नका. सानंदच्या एका प्रेक्षकगटाला ज्यांचं नाव आहे ते राहुल बारपुते ‘नई दुनिया’चे संपादक होते आणि नाटकवाल्यांतही तितकेच रमणारे होते. या शहरात लिहिणारे आणि नाटक करणारे नेहमीच एकमेकांच्या घरी जात आले आहेत.

‘हौशी असूनही चांगलं’ हे वाक्य मात्र कधी लिहू नका. त्यांनी तीन महिने नोकरीनंतर तालमी केल्या, त्या सवलत मागायला नव्हे. माणसावर न लिहिता त्याने केलेल्या निवडीवर लिहा. ‘त्यांना रडता येत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘मृत्यूची बातमी आल्याबरोबर त्या ओरडतात, त्यामुळे पुढच्या पाच मिनिटांना चढायला जागा उरत नाही’ असं लिहा. हे ऐकून पुढच्या प्रयोगात काही बदलता येतं. इंदुरी उच्चारांबद्दलही तसंच. पात्र इंदूरचं असेल तर तो लहेजा गुणच. सदाशिव पेठेतलं असेल तर खटकला म्हणून सांगा.

प्रश्न : शब्द किती असावेत? (विजय नगर)

सहाशे. त्यात कथानक शंभर-सव्वाशे, तेही मध्यंतरापर्यंतचंच. लेखक, दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, वेशभूषा, रंगभूषा यांची नावं ऐकून लिहू नका, जाहिरातीतून किंवा माहितीपत्रकातून उतरवून घ्या, आणि पाठवण्याआधी प्रत्येक आडनाव अक्षरागणिक तपासा.