सायकलीचं विचारा : जुनी हायब्रिड घेताना

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीतून गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रोज सायकलनं जायचं ठरवलंय. हातात १०,००० रुपये आहेत. सहा वर्षं वापरलेली, २१ गिअरची, डिस्क ब्रेकची हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलीच्या मधला प्रकार) ९,५०० ला मिळतेय. विकणारा म्हणतो, ‘नुसतं सर्व्हिसिंग केलं की झालं.’ काय काय बघू?

उत्तर : आधी किंमत. ९,५०० सायकलीलाच गेले तर उरलेल्या ५०० रुपयांत काय होणार? इतक्या जुन्या सायकलीचं टायर, चेन, ब्रेक पॅड, केबल यांतलं दोन-तीन तरी बदलावंच लागतं. ७,०००च्या आसपास बसली तर बघा, नाहीतर दुसरी शोधा. ‘नुसतं सर्व्हिसिंग’ या शब्दांत काहीही मावतं.

बघायला जाताना ओलं फडकं, टॉर्च आणि स्टीलची फूटपट्टी न्या. जे बदलून मिळतं त्याला भिऊ नका, फ्रेमवर मात्र वेळ घालवा. हँडलच्या नळीला खालची जाड नळी जिथं जोडलीय, तिथं पुसून खालच्या बाजूनं बोट फिरवा. रंगाला आडव्या सुरकुत्या किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून धडकलेली आहे. मग पायडलच्या एक्सलभोवतीचे जोड आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या बघा. जोडाच्या कडेनं केसासारखी रेघ असेल आणि पुसूनही तिच्यातला काळेपणा जात नसेल, तर सौदा तिथंच थांबवा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत काय वाटेल ते जोडून मिळतं हे खरं, पण ॲल्युमिनियमची फ्रेम वेल्डिंगच्या आचेनं जोडाजवळ मऊ पडते. तिला पुन्हा उष्णता-प्रक्रिया द्यावी लागते आणि ती सहसा कुणी देत नाही.

आता चेन. पट्टीचा शून्य एका पिनच्या मध्यावर धरा. नव्या चेनीत बरोबर १२ इंचावर पिनचा मध्य येतो. तो १/१६ इंच पुढं गेला असेल तर फक्त चेन बदला. १/८ इंच गेला असेल तर फ्रीव्हीलचेही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्र्यांच्या संचाचेही, पैसे धरा. त्याचे दात ताणलेल्या चेनीच्या मापानं झिजलेले असतात, त्यावर नवी चेन चढावर जोर दिला की सटकते आणि गुडघा हँडलवर आपटतो.

डिस्कची चकती शिमानो कंपनीची असेल तर नवी १.८ मिलिमीटर असते, १.५ ला टाकून द्यायची. पॅडवरचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की पॅड संपले. ब्रेक किंचाळत असेल आणि धरत नसेल, तर चेनीचं तेल पॅडनं प्यायलेलं असतं. घासूनपुसून ते फारसं निघत नाही, नवे पॅड घाला. रिम दोन-तीन मिलिमीटर आऊट असेल, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडं हलत असेल, तर आऱ्यांना ताण देऊन सरळ होते. फिरताना चाक वर-खाली उडत असेल तर रिमच चेपलेली आहे.

शेवटी चालवून सगळे गिअर टाका. मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन असताना मागून बघा. डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) आऱ्यांकडे झुकलेला दिसला तर तो लटकतो ती पट्टी वाकलीय. ती बहुतेक सायकलींना वेगळी बसवलेली असते, पण प्रत्येक मॉडेलची निराळी. मिळते का हे पैसे देण्याआधी दुकानात विचारा.

प्रश्न : शाहूपुरीत एक सायकल फारच स्वस्तात मिळतेय. दिसायला चकचकीत. मालकानं सांगितलं की २०२१ च्या पुरात ती तळमजल्यावर बुडाली होती.

उत्तर : सांगितलं हे त्यांचं मोठेपण. न सांगता विकणारेही आहेत, म्हणून आपल्याकडं जुनी सायकल घेताना सीट काढून नळीत टॉर्च मारायचीच. आत तांबूस गाळ वाळलेला दिसला तर काय ते समजा.

गाळाचं पाणी चाकाच्या मधल्या हबमध्ये आणि पायडलच्या एक्सलमध्ये शिरलं की ग्रीस दुधाच्या चहासारखं होतं आणि बारीक वाळू छर्ऱ्यांना घासत राहते. चाक हातानं सावकाश फिरवा. खरखर जाणवली तर छर्ऱ्यांबरोबर ते ज्यावर फिरतात ते कोनही गेले. आऱ्यांच्या निपलभोवती (आरी रिमला आवळणाऱ्या नटाभोवती) पांढरी पूड साचली असेल तर ते गंजून बसलेत, पाना लावला की गोल होतात आणि रिमचा आऊट निघत नाही. पुढचं चाक धरणारा चिमटा सस्पेन्शनचा असेल तर आम्ही सरळ नको म्हणू, स्वस्त चिमट्यांचे आतले भाग मिळत नाहीत. साधा चिमटा आणि ॲल्युमिनियमची फ्रेम असेल, तर फक्त फ्रेमचे पैसे देतोय असं समजून भाव करा.

प्रश्न : माझी उंची ५ फूट २ इंच. फ्रेम २० इंची आहे. सीट खाली घेतली तर चालेल ना? (कसबा बावडा)

उत्तर : नाही. सीट खाली येते, वरची नळी येत नाही. दोन्ही पाय टेकून उभं राहिल्यावर नळी आणि तुमच्यामध्ये किमान इंचभर जागा हवी.

प्रश्न : नुकतीच घेतलेली हायब्रिड वाघबीळच्या चढावर दम काढते. पुढं ४८-३८-२८ दातांच्या चक्र्या, मागं १४-२८ चं सात चक्र्यांचं फ्रीव्हील आहे. पन्हाळ्यापर्यंत जायचंय.

उत्तर : सगळ्यात हलक्या गिअरला पुढं २८, मागं २८. म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकही एकच फेरी फिरतं, ७०० × ३५ टायरला सुमारे २.१५ मीटर. १४-३४ चं फ्रीव्हील बसवलंत तर तेच अंतर १.८ मीटरच्या जवळपास येतं आणि तेवढा जोर हलका होतो. फ्रीव्हील आट्यांचं असेल तर काढायला त्याचाच पाना लागतो, छिन्नी-हातोडा लावू देऊ नका. चेन साधारण दोन इंच लांब लागेल, तीही नवीच घ्या. मागचा डिरेलर ३४ दातांना चालतो ना, हे त्यावरच्या मॉडेलवरून आधी तपासा. नाहीतर वरचं छोटं चाक मोठ्या चक्रीला घासत राहील.

प्रश्न : बिल हरवलंय म्हणतात. घ्यावी का? (उचगाव)

उत्तर : पायडलच्या एक्सलखाली सायकल उलटी करून फ्रेम नंबर बघा. तो घासलेला असेल तर घेऊ नका. नंबर शाबूत असेल तर कागदावर तो नंबर, तारीख, रक्कम आणि विकणाऱ्याची सही घ्या, सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत. माहीत असून चोरीचा माल घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. सही द्यायला जो कां-कूं करतो, त्याच्याकडून सायकल घेऊ नका.