वाचकांचे प्रश्न : युद्धपट, पण लढाई न दाखवता

प्रश्न : आमच्या गावची तरुण मंडळी 20 मिनिटांचा लघुपट करताहेत. 1944 साली इटलीत पडलेला मराठा पलटणीचा शिपाई आणि मागे राहिलेली त्याची बायको, अशी कथा आहे. शेवटी तिरंग्यात शवपेटी गावात येते. लढाई उभी करायला पैसे नाहीत. कसं करावं?
— एक वाचक, ता. खानापूर

उत्तर : शवपेटीचं दृश्य आधी काढा. दुसऱ्या महायुद्धात परदेशी पडलेल्यांचे देह घरी आणत नसत. तिरंग्यातल्या पेट्या खेड्यापाड्यांत पोचू लागल्या त्या 1999 च्या कारगिलपासून. इटलीत दहन झालेल्या हिंदी (भारतीय) शिपायांचं एक स्मारक सांग्रो नदीकाठच्या युद्ध दफनभूमीत आहे. ज्यांची समाधी कुठे आहे हे ठाऊक नाही त्यांची नावं कासिनोच्या स्मारकावर आहेत. मराठा पलटणीचे नायक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचंही नाव तिथंच.

तुमच्या कथेचं खरं दुःख इथंच आहे. देह नाही, मग बांगड्या फोडायच्या की नाहीत? त्यात पहिल्या कागदावर ‘मृत’ नसून ‘बेपत्ता’ असेल, तर कुंकू ठेवावं की पुसावं यावरून सासू-सुनेतही एकमत होणार नाही. वीसपैकी निदान बारा मिनिटं या मधल्या काळाला द्या. लढाईची गरजच पडणार नाही.

कागदपत्रं अचूक हवीत. तिकिटावर सहावा जॉर्ज, पत्त्यात ‘जि. बेळगाव, मुंबई इलाखा’. शिपायाच्या पत्रात ठिकाणाचं नाव नको. पत्रं तपासणारा लष्करी सेन्सॉर ते खोडायचा. म्हणून घरच्यांच्या तोंडी ‘इटली’ आधीपासून घालू नका. पत्र वाचून दाखवायला शाळामास्तर किंवा पोस्टमन ठेवा.

तोफा फक्त ऐकवायच्या असतील तर एक चूक टाळा. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तीन किलोमीटरवरचा स्फोट उजेडानंतर जवळजवळ नऊ सेकंदांनी ऐकू यायला हवा. दोन्ही एकदम आले की सगळं खोटं वाटतं. फटाके वाजवून आवाज रेकॉर्ड करू नका. माइक फाटतो आणि माणूसही भाजतो.

रायफली लाकडी करा आणि गणवेशातलं चित्रीकरण पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा. बेळगावच्या कॅम्प भागात परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा त्या बाजूला ड्रोन नकोच.